पेटीला कुलूप आणि चावी सुपरवायझरकडे

प्रथमोपचाराचं प्रशिक्षण म्हणजे अर्धा दिवस स्लाइड दाखवायच्या आणि प्रमाणपत्रं वाटायची, असं वर एकांनी लिहिलंय. नागपूरजवळच्या हिंगणा आणि बुटीबोरी एमआयडीसीत मी हेच काम करते, म्हणून सांगते. स्लाइड लवकर आटोपतात. खरा वेळ जातो तो जमिनीवर, सरावाच्या पुतळ्यापाशी. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, किमान ५ सेंटीमीटर खोल दाबायची, हे ऐकायला सोपं आहे. पण दोनेक मिनिटांत भल्याभल्यांचे कोपर वाकतात, दाब उथळ होतो. दर दोन मिनिटांनी माणूस का बदलायचा, हे तेव्हाच पटतं.

दुसरं म्हणजे प्रथमोपचाराची पेटी. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ४५ ने दर १५० कामगारांमागे किमान एक पेटी सांगितली, तीही कामाच्या वेळात सहज हाताशी येईल अशी. एका शेडमध्ये पेटीला कुलूप होतं आणि चावी सुपरवायझरकडे. तो रात्रपाळीला नसायचाच. असं पाहिलं की जीव तुटतो.

आणि आपला मे महिना! पारा ४५ च्या आसपास, त्यात पत्र्याची शेड. उन्हानं माणूस बरळायला लागला तर कांदा हुंगवत बसू नका. १०८ लावा, सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी अजिबात घालू नका. हे मी साहेबांच्या आधी हेल्परांना शिकवते, कारण त्या वेळी बाजूला तेच उभे असतात.