मदत हवी आहे: नवा देश, बाबांची शुगर आणि फॅमिली डॉक्टरची नोंदणी

नमस्कार मंडळी, इथे येऊन दीड महिना झाला. सोबत बाबा आहेत, त्यांना १२ वर्षांपासून डायबिटीस. इथे थेट स्पेशालिस्टकडे जाता येत नाही. आधी फॅमिली डॉक्टरकडे नोंदणी, मग त्यांची चिठ्ठी, मग तारखेची वाट. नोंदणीला पत्त्याचा पुरावा हवा आणि घराचा करार अजून हातात नाही. गाडी तिथेच अडलीय.

काल केमिस्टने गोळ्यांचं रिकामं पाकीट उलटसुलट करून पाहिलं. ब्रँड ओळखीचा नव्हता. मागे बारीक अक्षरात 'मेटफॉर्मिन ५००' दिसल्यावर चेहरा खुलला, पण इथल्या डॉक्टरच्या प्रिस्क्रिप्शनशिवाय देणार नाही म्हणाला. त्याचंही बरोबरच आहे म्हणा. इथे घेतलेल्या मशीनवर शुगर १० दिसली आणि बाबा घाबरलेच! एकक वेगळं, १८ ने गुणलं की आपले नेहमीचे १८०.

गोळ्या २० दिवस पुरतील. पत्त्यासाठी तात्पुरता दुसरा कुठला कागद चालतो का? जुने रिपोर्ट भाषांतर करूनच न्यायचे, की दवाखाना दुभाषी देतो? विम्याच्या फॉर्मवर आधीचा आजार लिहिणारच आहे, पण लिहिल्यावर कव्हर किती दिवसांनी मिळालं? देश कुठलाही असो, स्वतःचा अनुभव सांगा.