एम ३३ मधले गुलाबी ठिपके दुर्बिणीतून दिसतात का?

निशाचर:
त्रिकोण तारकासमूहातल्या एम ३३ दीर्घिकेचे फोटो बघत होतो, तिच्या सर्पिल भुजांवर जिकडेतिकडे गुलाबी ठिपके आहेत, देवयानी दीर्घिकेच्या फोटोत एवढे उठून दिसत नाहीत. एम ३३ तर तिच्यापेक्षा कितीतरी लहान, मग हिच्यातच एवढे कसे? आणि माझ्या ६ इंची दुर्बिणीतून नुसता धुरकट डाग दिसतो. डोळ्यांनी पाहिलेत का कुणी हे ठिपके?

आर्द्रा:
ते हायड्रोजनचे ढग आहेत, आत नवे तारे जन्मतायत. त्या कोवळ्या, प्रचंड गरम ताऱ्यांच्या अतिनील किरणांनी हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन सुटतो आणि परत येऊन मिळतो तेव्हा लाल प्रकाश पडतो. दीर्घिका लहान आहे खरी, व्यास साधारण ६० हजार प्रकाशवर्षं, पण वायू भरपूर शिल्लक आहे. हबल अवकाश दुर्बिणीने २०१९ मध्ये ५४ फ्रेम जोडून हिचा मोठा फोटो दिला तेव्हा कळलं की इथे तारे जन्मण्याचा जोर देवयानीच्या सरासरीच्या १० पट आहे. मला तर हीच जास्त आवडते, देवयानीपुढे उगाच मागे पडते बिचारी.

धूमकेतू:
एक ठिपका नक्की दिसेल, एनजीसी ६०४. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलने १७८४ मध्येच नोंदवलाय. मृगातला तेजोमेघ जेमतेम २४ प्रकाशवर्षांचा आणि हा दीड हजाराच्या आसपास, आत २०० च्या वर महाकाय तारे, म्हणून तर २७ लाख प्रकाशवर्षांवरून दिसतो! देवयानी तारकासमूहातल्या मिराक ताऱ्याच्या एका बाजूला देवयानी दीर्घिका, साधारण तेवढ्याच अंतरावर दुसऱ्या बाजूला एम ३३. आधी कमी पॉवरच्या आयपीसने (डोळ्याजवळच्या भिंगाने) डाग धरा, कारण प्रकाश चंद्रबिंबापेक्षा मोठ्या भागावर पसरलाय, पॉवर वाढवली की दीर्घिका गायबच होते. मग केंद्रापासून ईशान्येला सरका आणि आता पॉवर वाढवा, पुसट तारा वाटेल पण कडा मऊ, तोच तो. चंद्र नसलेली रात्र घ्या, डोळे अर्धा तास अंधारात ठेवा, घाई करू नका.

आर्द्रा:
रंग मात्र दिसणार नाही हां, एवढ्या मंद उजेडात डोळ्याला राखाडीच दिसतं. गुलाबी फोटोतच.

निशाचर:
अच्छा, म्हणजे माझी चूक तीच, मी सुरुवातीलाच १० मिमीचा, म्हणजे जास्त पॉवरचा आयपीस लावत होतो. अमावस्येला २५ मिमी लावून बघतो आणि इथेच कळवतो.