सेकंडहँड एसएमपीएस लोड घेत नाही, मदत हवी आहे

मंडळी, परभणीत एका दुकानातून ४५० वॅटचा जुना एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) ९०० रुपयांना आणला. हिरवी वायर काळीला जोडली की पंखा मस्त फिरतो. मीटरवर पिवळीला १२.१, लालला ५ व्होल्ट. मदरबोर्डाला लावला की मात्र पंखा एक गिरकी मारतो अन् गप! जांभळीवर ५ व्होल्ट कायम येतात, म्हणजे स्टँडबाय (कॉम्प्युटर बंद असतानाही चालू राहणारा पुरवठा) ठीक असावा. दुसऱ्या एसएमपीएसवर हाच बोर्ड चालतो.

जाळीतून टॉर्च मारला तर वायरींजवळचे दोन कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) डोक्यावर फुगलेले दिसले. तेवढेच बदलून भागेल का? खोलायची जरा भीती वाटते, मोठ्या कपॅसिटरचा झटका खाल्लेला मित्र आहे माझा. दुकानदार म्हणतो, "तुमच्याकडं लाईट कमीजास्त होतीय." स्टॅबिलायझर आहे हो घरी! दुरुस्त करावा का सरळ भंगारात घालावा?