कर्जरोख्यांवरचा प्रीमियम: राखीव निधीत की व्याजात?

लातूरची प्राध्यापिका (धागाकर्ती):
बी.कॉम.ला आपण अजून शिकवतो की कर्जरोख्यांवर मिळालेला प्रीमियम, म्हणजे दर्शनी किमतीच्या वर मिळालेली रक्कम, सिक्युरिटीज प्रीमियम या राखीव निधीच्या खात्यात जमा करायचा आणि विषय संपवायचा. माझ्या मते हे चुकीचं आहे. समजा, दर्शनी किंमत 1,00,000 रुपये, मुदत 5 वर्षं, कूपन (रोख्यावर दरवर्षी द्यायचं ठरलेलं व्याज) 10 टक्के आणि बाजारातला दर 8 टक्के. व्याज चढं म्हणून गुंतवणूकदार 1,07,985 मोजायला तयार होतो. वरचे 7,985 ही कंपनीची कमाई नाही. जादा व्याज द्यायचंय, त्यापोटी आधीच घेतलेली रक्कम आहे ती. म्हणून ती पाच वर्षांच्या व्याजातूनच वळती व्हायला हवी, तीही प्रभावी व्याजदराने, म्हणजे दरवर्षी उरलेल्या शिलकेवर 8 टक्के व्याज धरून.

नांदेडचा सीए विद्यार्थी:
मॅडम, बारावीपासून पुस्तकात हेच आहे. कंपनी कायदा 2013, कलम 52. खात्याचं नावच 'सिक्युरिटीज प्रीमियम' आहे ना?

धागाकर्ती:
नावावर जाऊ नका, कलम वाचा. त्यात शेअरवर मिळालेल्या प्रीमियमबद्दल लिहिलंय. शेअरचे पैसे ठरावीक तारखेला परत करायचे नसतात, रोख्याचे करावेच लागतात. प्रीमियम राखीव निधीत टाकला तर नफा-तोटा पत्रकात दरवर्षी 10,000 व्याज दिसेल. प्रत्यक्षात कर्ज 8 टक्क्यांनी मिळालेलं असतं.

परभणीहून, नागरी बँकेतला हिशेबनीस:
इथपर्यंत पटलं. आम्हीसुद्धा दर्शनी किमतीच्या वर घेतलेल्या सरकारी रोख्यांचा प्रीमियम, मुदतपूर्तीपर्यंत ठेवायचे असतील तर, उरलेल्या वर्षांत विभागून खर्ची टाकतो. पण त्याला प्रभावी व्याजदर कशाला पाहिजे? 7,985 भागिले 5, दरवर्षी 1,597. व्याजखर्च 8,403. पाच वर्षांचं एकूण व्याज दोन्ही रीतींनी 42,015च येतंय, मग पोरांना कशाला घोळात पाडायलाव?

धागाकर्ती:
दादा, एकूण जुळतं, पण वर्षावर्षाचं जुळत नाही. पहिल्या वर्षी 1,07,985 वर 8,403 म्हणजे 7.78 टक्के. शेवटच्या वर्षी 1,01,597 वर तेच 8,403, म्हणजे 8.27 टक्के. कर्ज एकच, मग दर दरवर्षी चढतो कसा? प्रभावी दराने पहिलं व्याज 8,639, प्रीमियममधून वळते 1,361, शिल्लक 1,06,624. दुसऱ्या वर्षी त्या शिलकेवर 8 टक्के, 8,530. मुदत संपते तेव्हा बरोबर लाख उरतात. इंड एएस 109 हे भारतीय लेखा मानक हीच पद्धत सांगतं.

परभणीहून:
इंड एएस मोठ्या कंपन्यांना. पहिल्या वर्षीचा फरक 236 रुपये. आमच्या गावात कोण विचारतंय?

धागाकर्ती:
236 रुपये एका लाखावर. आपली पोरं नोकरीला पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत जायलेत. तिथं रोखे 500 कोटींचे असले तर हाच फरक 1 कोटी 18 लाख होतो, आणि तुमच्या सरळ भागाकाराने पहिल्या वर्षीचा नफा करापूर्वी तेवढा फुगून दिसतो.