हीट सिंक म्हणजे ‘उष्णताशोषक’?

विजेवरच्या गाड्यांची माहितीपुस्तिका मराठीत आणतोय आणि इन्व्हर्टरपाशी अडलोय. बॅटरीची डीसी वीज मोटरसाठी एसी करणारा हा डबा. आतल्या चिपा तापतात, खालून पाणी फिरवून ती उष्णता काढून नेतात. जुन्या मसुद्यात हीट सिंकला, म्हणजे चिपांना टेकलेल्या धातूच्या ठोकळ्याला, ‘उष्णताशोषक’ आणि कूलिंगला ‘प्रशीतन’ आहे. दोन्ही खटकतात. का, ते नेमके सांगता येत नाही.

— टीपकागद शाई शोषतो नि पोटात ठेवतो. भरला की संपले. हीट सिंकला तसे करून कसे चालेल? मोटरला 100 किलोवॉट देणारा इन्व्हर्टर 97 टक्के कार्यक्षम धरला, तरी 3 किलोवॉटच्या आसपास उष्णता सतत बाहेर पडते. म्हणजे एक मोठा गिझर चालूच! त्या ठोकळ्याचे काम उष्णता पसरवून पुढे पाण्याच्या हवाली करण्याचे. पाण्याचा होतो तसा उष्णतेचाही निचरा होतो, तेव्हा ‘निचरा’ वापरा. भागाचे नाव मात्र हीट सिंकच राहू द्या. गॅरेजमध्ये दुसरे कोणी म्हणणार नाही.

आणि ‘प्रशीतन’ फ्रिजचे, शीतगृहाचे: भोवतालच्या हवेपेक्षाही गार करणे. इथे आत शिरणारे पाणी-ग्लायकॉलच कित्येकदा 65 अंश सेल्सियसचे असते. हात पोळेल असल्या पाण्याला शीतलक म्हणायचे, ही गंमतच. पण ते बरोबर आहे, कारण चिपेच्या आतली मर्यादा साधारण 150 ते 175 अंश. तिच्या मानाने 65 गारच. आपल्याकडे यासाठी ‘निवणे’ आहे की! तापलेले लोखंड निवते, गारठत नाही. शीर्षकात ‘शीतलन’ ठेवा, मजकुरात ‘चिपा निवतात’ लिहा.

— ‘निवतात’ वाचून माझाच जीव निवला. आता चिप नि हीट सिंक यांच्या मध्ये लावतात ती थर्मल पेस्ट. ‘उष्णतावाहक लेई’ कशी वाटते?

— लेई चिकटवायला. ‘लेप’ म्हणा, लेप पातळच असतो. धातूचे दोन पृष्ठभाग कितीही घासले तरी मध्ये हवेच्या फटी राहतात, आणि तांब्यातून उष्णता हवेच्या सुमारे 15 हजार पट सहज वाहते. लेपाने त्या फटी बुजवायच्या, बस्स. तो स्वतः तांब्यापुढे फारच मंद वाहक, त्यामुळे जाड थापला की तोच अडथळा. ‘भरपूर लावा’ असे चुकूनही लिहू नका.

— अजून एक. 2007च्या लेक्सस एलएस 600एच या हायब्रिड गाडीत चिपा दोन्ही अंगांनी थंड करतात. मसुद्यात ‘उभयपक्षी शीतलन’ आहे.

— उभयपक्षी तह होतात! ‘दुहेरी’ही नको, पाण्याची दोन वेगळी मंडले आहेत असे वाटेल. ‘दुतर्फा’ कसे?

— दुतर्फा झाडे असतात हो.

— असू देत. मधला रस्ता म्हणजे चिप.