पायी यात्रेतले फोटो: तुमचे अनुभव लिहा

तापीकाठ
काल गल्लीतल्या पोरांनी वणीला, सप्तशृंगी देवीच्या गडावर पायी जाणाऱ्यांची नावं लिहून घेतली, झेंड्याच्या काठ्या बाहेर काढल्या, आणि मला मागच्या एका चैत्रातला फोटो आठवला. देवळ्याच्या पुढे, झुंजुमुंजू होताना, एक आजी एकट्याच चालत होत्या. पदर कानामागे खोचलेला, चपला हातात. विचारलं, "माय, काढू का?" थांबल्या, पदर सारखा केला, म्हणाल्या, "काढ. मना नातूले धाडजो बरं." पोस्टाने पाठवला. नातवाचा फोन आला, देव्हाऱ्याशेजारी लावलाय म्हणे.
हल्ली नवस फेडायला निघालेल्या माणसाच्या तोंडापुढे मोबाईल धरलेला दिसतो, फोड आलेल्या पायांचे रील निघतात. फार खुपतं. तुम्ही कसे काढता? सविस्तर लिहा.

मोसमपूल
उन्हामुळे चाल रात्रीचीच. फ्लॅश कायमचा बंद ठेवा. मागून ट्रक येत असतात, डोळे दिपले की माणूस डांबर सोडून खाली उतरतो. रथाच्या ट्रॉलीवर जनरेटरची ट्यूबलाइट असते, तिच्या अंगाने चालायचं, चेहऱ्यावर तेवढा उजेड पुरतो. आयएसओ (कमी उजेडात टिपायची कॅमेऱ्यातली सेटिंग) ३२००, फोटो हललेला आला तरी चालेल.

केळीचं_पान
मी मुक्ताईच्या पालखीला जाते. कोथळीहून निघायचं, बुलढाणा, जालना, बीड करत पंढरपूर. बीडला गोविंदपंतांच्या, म्हणजे मुक्ताईच्या आजोबांच्या, समाधीपाशी आजोबा-नातीची भेट होते, तेव्हा माझा कॅमेरा पिशवीत. बाया माहेरचं माणूस भेटल्यासारख्या रडतात, तिथे लेन्स रोखायची नसते.
आणि पहाटे टँकरवर बायांच्या आंघोळी चालतात, त्या बाजूला फिरकायचंच नाही. एकाने ड्रोन उडवला होता, आमच्या दिंडीतल्या बायांनी तिथल्या तिथे खाली उतरवायला लावला. पुरुषमंडळी नंतर पोचली.

अनेरकाठ
बरं केलं बायांनी!!

शिरपूरचा_भाचा
फोटोचं मला कळत नाही, पण फोडांचा विषय निघालाच आहे तर, सुईत दोरा ओवून फोडातून काढायचा आणि दोरा तसाच ठेवायचा. आमचे आबा हेच करायचे.

केळीचं_पान
दादा, दोरा नका ठेवू, जंतू आत जातात. व्हॅसलिन लावून सुती मोजे घाला. नवे बूट तर मुळीच नको.

मोसमपूल
+१. आमच्याकडे मंडपात मलमपट्टीची सोय असते, तिथे दाखवा.

पांझरेची_पोर
माझ्याबरोबर चालणाऱ्या एका ताईने हात जोडून सांगितलं, माझा नको. मूल व्हावं म्हणून चालत होती, सासरी कुणाला सांगितलं नव्हतं. फोटो गावच्या ग्रुपवर गेला असता तर तिचा नवस सगळ्यांच्या तोंडी झाला असता. तेव्हापासून 'काढू का' विचारते आणि 'ग्रुपवर टाकू का' हे वेगळं विचारते. लेकरांचा असेल तर आईला.

खान्देशी_नाना
मालेगावच्या पुढे मंडपात मठ्ठा, खिचडी चालूच असते. मी कॅमेरा काढला की वाढणारे ओरडतात, "पयले पानी पे, मंग फोटू काढ!" दोन घास खाऊन, थोडा वेळ वाढू लागायचं. मग कुणी कॅमेऱ्याकडे बघतही नाही. माझा आवडता फोटो एका पोराचा आहे, बादलीवर वाकलेला, कोपरापर्यंत मठ्ठ्याचे शिंतोडे आणि मनगटाला देवीचा लाल दोरा.

अनेरकाठ
नाना, यंदा चौदसच्या रात्री गडावर आहात का? दरेगावच्या गवळ्यांचा कीर्तिध्वज, शिखरावर लावायचा झेंडा, निघतो ते एकदा बघायचंय.

खान्देशी_नाना
आहे ना. गडाखालच्या नांदुरीला पोचलात की फोन करा, गडावर रेंजचा भरवसा नाही.

पांझरेची_पोर
@तापीकाठ, पत्ते कसे लिहून घेता? चालता चालता जमत नाही हो.

तापीकाठ
चहाच्या थांब्यावर. वहीत फोटोचा नंबर, त्यासमोर नाव, गाव, तालुका. पिनकोड कुणाला पाठ नसतो, तो पोस्टात बघून घेते.

शिरपूरचा_भाचा
वडिलांचं नाव पण घ्या ताई. आमच्या गावात एकाच नावाचे चार पाटील आहेत.