'हेल हाऊस': रक्त जास्त झालं की नेमकं झालं?

निशाचर:
रिचर्ड मॅथेसनची 'हेल हाऊस' (१९७१) ही भयकादंबरी काल संपवली. जाम मजा आली. मरणाला टेकलेला एक कोट्यधीश मेल्यावर काही उरतं का, याचा छडा लावायला माणसं नेमतो. प्रत्येकी एक लाख डॉलर, मुदत आठवडाभर. जायचं कुठे, तर अमेरिकेत मेनमधल्या बेलास्को नावाच्या माणसाच्या पछाडलेल्या घरात, जिथल्या खिडक्या मालकानेच विटांनी बुजवल्यात. शास्त्रज्ञ बॅरेट, त्याची बायको एडिथ, फ्लॉरेन्स नावाची माध्यम (आत्म्यांशी संपर्क साधणारी) आणि याच घरावरच्या १९४० च्या मोहिमेतून वाचलेला फिशर. रक्तपात भरपूर, पण उगाच नाही. जेवणाच्या टेबलावरची भांडी उडून बॅरेटवर येतात. तो म्हणतो, ही फ्लॉरेन्सचीच शक्ती. ती म्हणते, घरातला आत्मा. जखम हाच पुरावा आणि त्याचे अर्थ दोन! अजून काय हवं रहस्यकथेत?

जुनी_खोड:
शर्ली जॅक्सनने १९५९ सालीच 'द हॉन्टिंग ऑफ हिल हाऊस'मध्ये नुसत्या दारावरच्या थापांनी घाम फोडला होता. घाबरवता येत नाही त्याने रक्त सांडावं.

निशाचर:
त्याच 'हिल हाऊस'मध्ये थिओडोरा या पात्राचे कपडे लालेलाल होतात, ते विसरलात वाटतं!

जुनी_खोड:
कपडेच ना? अंगावर ओरखडा नाही. फरक तिथेच आहे.

चिकित्सक_बाई:
माझा आक्षेप रक्ताला नाहीच. या घराचा राग नेमका बायकांवर कसा निघतो? फ्लॉरेन्स आणि एडिथ, दोघींची लैंगिक विटंबना पानंच्या पानं चालते. बॅरेट मार खातो, पण त्याची अब्रू शाबूत. अशा वेळी 'जखम हाच पुरावा' वगैरे ऐकवत नाही.

निशाचर:
अहो, बेलास्कोच विकृत होता. त्याचं घर त्याच्यासारखंच वागणार.

चिकित्सक_बाई:
आणि बेलास्कोला लिहिलं कोणी?

निशाचर:
हे मान्य. ती पानं मीही भराभर उलटली.

शेवटचं_पान:
(रहस्य फोडतोय, न वाचलेल्यांनी पुढे जा.) घरातली शक्ती नष्ट करायला बॅरेटने आणलेलं यंत्र खरंच चालतं, फक्त शिशाने मढवलेल्या खोलीपर्यंत त्याचा प्रभाव पोचत नाही. म्हणजे शास्त्रज्ञही बरोबर आणि आत्माही खरा. ही गाठ सुरेख बांधलीय. पण नंतर फिशर बेलास्कोच्या भुताला बुटका म्हणून हिणवून हरवतो, तिथे मी पुस्तक आपटलं. एवढी मढी पडली आणि शेवट शाळेतल्या चिडवाचिडवीवर?

जुनी_खोड:
+१. हसूच आलं.

निशाचर:
मला तर तोच भाग आवडला. खोट्या पायांवर उंची मिरवणाऱ्याला दुसरं काय लागणार?

नवखा_वाचक:
पुस्तक वाचू की १९७३ चा सिनेमा बघू?

निशाचर:
पुस्तक. सिनेमाची पटकथा मॅथेसनचीच आहे, पण बरीच सोवळी.

चिकित्सक_बाई:
बघा, त्यानेच ते सगळं गाळलं आणि गोष्ट तरीही उभी राहिली.

निशाचर:
उभी राहिली हो, पण मला घाम नाही फुटला.